एका गुंठ्याच्या मधोमध

मल्लव्वा,

हे पत्र दानेश्वरीकडून वाचून घे. तुझी शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंतच; माझं अक्षर तुला लागणार नाही आणि तू नुसती मान हलवत बसशील. नातीला म्हणावं, सावकाश वाच, एकही ओळ गाळू नकोस. आणि तू मधे बोलू नकोस. समोर बसून सांगायला गेले असते तर दुसऱ्याच वाक्याला उठली असतीस. तव्यावर काहीतरी राहिल्याचं तुला नेमकं अशा वेळीच आठवतं. म्हणून लिहिते. गोष्ट तुझीच आहे, पण दुसऱ्या कुणाची असावी तशी सांगते, म्हणजे तुझ्या घराचं घोडं चाळीस वर्षं कुठं पेंड खातंय ते परक्यालाही कळेल. काही चुकलं तर दुरुस्त कर. माझी बाजू मात्र घेऊ नकोस.

सोलापुरात मल्लव्वा नावाची एक बाई आहे. साठीला एक वर्ष कमी. उंचीनं बेताची, मनगटं मात्र पैलवानाची, कारण पस्तीस वर्षं ती भाकरी थापते आहे. कडक भाकरी. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेच्या कडेला उभी करून पापडासारखी वाळवायची. महिनाभर टिकते. पुण्याला निघालेली माणसं गठ्ठे बांधून नेतात आणि तिकडे चार लोकांत "आमच्या सोलापूरची" म्हणून मिरवतात. थापणाऱ्या बाईचं नाव कुणी विचारत नाही.

या बाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: जमिनीला लागून असलेली एक खोली, स्वतःची, जिथं पहाटे भाकरीचा आवाज झाला म्हणून पलीकडून कुणी भिंतीवर मूठ आपटणार नाही. ती अजून मिळालेली नाही. आजवर तिनं दहा बिऱ्हाडं बदलली. आणि होटगी रस्त्याच्या आतल्या अंगाला, जिथं आज दोन्ही बाजूंनी चार-चार मजले चढलेत, तिथं तिची एक गुंठा जागा चाळीस वर्षं मोकळी पडून आहे. तिची म्हणजे तिच्या नवऱ्याची. अडलंय ते तिथंच.

नवरा गुरुशांत गिरणीत कामाला होता. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, दोघे भाऊ, सहा एकर कोरडवाहू रान. थोरला बसलिंगप्पा रानात राबायचा आणि धाकट्यानं शहरात सावलीत पगार खावा हे त्याला खुपायचं. शहाऐंशी साली गुरुशांत म्हणाला, माझी वाटणी रोख दे, मी सोलापुरात जागा घेतो. बसलिंगप्पानं बैलजोडी विकून पैसे उभे केले आणि कागदावर लिहून घेतलं, की यापुढं या रानातलं ढेकूळसुद्धा तुझं नाही. साडेतीन हजारांत गुरुशांतनं तो गुंठा घेतला. तेव्हा तिकडे नुसती ओसाडी. गिरणीतले सोबती हसले.

"तितं राहनार कोन, कोल्ही?"

"दोन वर्सांत खोली काडतो बगा," गुरुशांत म्हणाला. "तवर भाड्यानं राहू."

बाळीवेशीजवळच्या खोलीचं भाडं चाळीस रुपये होतं. दोन वर्षांची चार झाली, चाळिसाचे साठ झाले, आणि नव्वदच्या श्रावणात गुरुशांतला कावीळ झाली. झाडपाला झाला, सलाईन झाली, अकराव्या दिवशी त्यानं घरीच प्राण सोडला. चौतीस वर्षांचा होता. मल्लव्वा चोवीसची, मुलगी सिद्धेश्वरी तीन वर्षांची.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. ज्याचं रान आहे त्याला त्याच्या रानात, आज्या-पणज्याच्या शेजारी. शहरात समाजाची वेगळी जागा होती, तिथं निमूटपणे सगळं पार पडलं असतं. पण आजारपणात गुरुशांतनं एकच घोकलं होतं, मला अप्पाशेजारी न्या; अप्पा म्हणजे वडील. म्हणून टेंपो करून त्याला गावी नेलं. बांधावर बसलिंगप्पा आडवा उभा. त्यानं टेंपोत वाकून भावाचं तोंड पाहिलं, मग सरळ झाला आणि कन्नडमध्ये जे बोलला त्याचा अर्थ असा, की वाटणी घेऊन गेला त्या दिवशीच या मातीचं आणि त्याचं तुटलं, इथं खड्डा पडायचा नाही.

स्वामींनी समजूत घातली. भावकीतल्या म्हाताऱ्या रडल्या. मल्लव्वा टेंपोतून उतरलीच नाही.

"न्हाय म्हनताव का?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"न्हाय."

"बरं. त्यांची सोताची जागा हाय. त्यांच्या नावावर हाय. टेंपो फिरवा."

पन्नास किलोमीटर माघारी. दिवस कलायला आला तेव्हा टेंपो त्या ओसाड गुंठ्यावर येऊन थांबला. चार गडी खणायला लागले. कडेला पहार मारली की ठण्. खाली मुरूम. दुसऱ्या कडेला तेच, तिसऱ्या कडेलाही तेच.

"वहिनी, कडेला न्हाय जमत. मधी काळी माती लागतीया. मधी घिऊ का?"

"घ्या," मल्लव्वा म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? पोर खांद्यावर झोपलेली, सकाळपासून कुणाच्या पोटात पाणी नाही. मधोमध खणलं. विभूती, बेल, मंत्र झाले आणि गुरुशांत आपल्या घराच्या जागेत, नेमकी जिथं चूल यायची तिथं, मांडी घालून बसला. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तुकडा आणि समाधी त्याच्या बेंबीत. त्या दिवशी तिथं टेप हाताळणारा एक जरी माणूस असता तरी ओरडला असता. पण रागानं गेलेली माणसं टेप घेऊन जात नाहीत.

महिन्याभरात मल्लव्वानं भाकरी सुरू केली. आठ आण्याला एक. कागदावरचा हिशेब तिला येत नाही, पण भाडं ती तेव्हापासून भाकरीत मोजते. साठ रुपये म्हणजे एकशे वीस भाकऱ्या, म्हणजे तीन दिवसांची थापणी. "तीन दिवस मालकाचे, बाकीचे माजे आन पोरीचे," असं ती सांगायची. पीठ आणि सरपण त्यात धरलेलं नाही. ते धरलं तर हिशेब करायचीच इच्छा राहत नाही.

पुढं ज्वारी महागली, रॉकेल महागलं, तशी भाकरीही महागली. पण भाव चार आण्यांनी चढवायचा तर मल्लव्वाला आठ दिवस जीभ चावावी लागायची. "मावशी, परवा तर आठ आण्यानं दिलीत की!" असं गिऱ्हाइकानं म्हटलं की तिचा हात आपोआप सुट्टे परत करायला जायचा. घरमालकाला असली अडचण नसते. तो दारात उभा राहतो, पुढच्या महिन्यापासून एवढे म्हणून सांगतो आणि चप्पल घालून चालू लागतो.

त्यातून तिचं काम पहाटे चारला सुरू होणारं. थप् थप् थप् थप्, सात वाजेपर्यंत. आवाज दबावा म्हणून ती काटवटीखाली, म्हणजे थापायच्या लाकडी परातीखाली, पोतं चौघडी घालून ठेवायची. तरी एका मालकाची सून गरोदर होती, ती दचकायची. दुसऱ्याची भिंत काळी पडत होती. तिसऱ्यानं कारणच दिलं नाही. सामान काय, दोन पत्र्याच्या पेट्या, तवे आणि काटवट. हातगाडीच्या एका फेरीत बिऱ्हाड हलायचं. पण जुन्या भाडेकरूकडून वाढवून मागताना माणसाला थोडी तरी लाज असते, नव्याला आकडा सांगताना कसलीच नसते. म्हणून मल्लव्वाचं भाडं दर बिऱ्हाडाला उडी मारायचं. साठाचं दीडशे, दीडशेचं साडेतीनशे, मग सहाशे.

ती गप्प बसली होती असं नाही. चौऱ्याण्णव साली तिनं मल्लप्पा गवंड्याला जागेवर नेलं. मल्लप्पा भला माणूस. त्यानं टेप लावला, समाधीपाशी आला, टेप उचलला, नमस्कार केला, पलीकडून पुन्हा लावला.

"मामा, एक खोली बसंल का न्हाय?"

"बसंल की वहिनी. पर कडेनं घ्यावी लागंल. मालकाच्या अंगाला पाया खनता येत न्हाय. आन कडंला खडक हाय. पाया फोडूनच घ्यावा लागनार."

"म्हंजे?"

"म्हंजे म्हाग."

विटा, पत्रा, खडक फोडणं धरून अठरा हजार. मल्लव्वानं चार वर्षं पै-पै जमवून अठ्ठ्याण्णवला अठरा हजार त्याच्यासमोर ठेवले. मल्लप्पानं डोकं खाजवलं. विटेचा भाव चढला होता, मजुरी चढली होती. आता एकतीस. तिनं नोटा परत फडक्यात बांधल्या. दोन हजार तीनला एकतीस घेऊन गेली, तर पंचावन्न. दोन हजार आठला पंचावन्न घेऊन गेली. मल्लप्पा म्हातारा झाला होता, मुलगा काम बघायचा. पैशाकडे न बघताच म्हाताऱ्यानं सांगितलं, "एक लाख धा. वहिनी, तुमी पोचताव बगा बरूबर. पर भाव चार-पाच वर्सांमागं जितं हुता तितं पोचताव."

तो पैसा सिद्धेश्वरीच्या बाळंतपणात आणि जावयाच्या रिक्षात गेला. त्यानंतर मल्लव्वानं पाया हा शब्द काढला नाही. वर्षातून दोनदा जाऊन समाधीभोवतीचं गवत काढायची, उदबत्ती लावायची आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या बंगल्याला पाणी मारणारी माणसं बघत थोडा वेळ बसायची.

दोन हजार नऊला ती एका बाईंच्या घरामागच्या खोलीत राहायला आली. या बाई म्हणजे मीच, लपवायचं काय? बाई अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या, विम्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या. महागाई म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांनी मल्लव्वाला आवाजाबद्दल एका शब्दानं टोकलं नाही, हे खरं. सकाळच्या चहाबरोबर त्यांना रोज दोन भाकऱ्या मिळत, हेही खरं. आणि दर पाडव्याला बाई दहा टक्के भाडं वाढवत, अगदी गुढी उतरायच्या आत.

"मल्लव्वा, पाडवा झाला गं."

"व्हय बाई. किती झालं मग?"

"नऊशेचे नऊशे नव्वद होतात. हजारच धरू, सुट्ट्यांची कटकट नको."

"भाकरी मी अजून तीनलाच देतीया."

"मग वाढव की. तुला कोण अडवतंय?"

"गिऱ्हाईक."

बाईंना वाटायचं, हिला व्यवहार कळत नाही. बँकेत ठेवीला आठ टक्के मिळत होते, बाई दहा घेत होत्या, बाजारात बारा-पंधरानं भाडी वाढत होती. म्हणजे आपण उपकारच करतो आहोत, असा बाईंचा हिशेब. पंधरा पाडव्यांत नऊशेचे तीन हजार आठशे झाले. भाकरी तीनची दहाला गेली. मल्लव्वाच्या मापानं तीनशे भाकऱ्यांच्या तीनशे ऐंशी झाल्या. पाच दिवस मालकिणीचे होते, ते सव्वासहा झाले. रोजच्या साठ भाकऱ्या तेवढ्याच; मनगटाला काही दहा टक्के वाढ मिळत नाही.

मधे, दोन हजार एकोणीस साली, नशिबानं एकदा दार ठोठावलं. गुंठ्याशेजारच्या जागेत अभिमन्यू नावाच्या तरुण माणसाचं फर्निचरचं दुकान होतं, त्याला गोदामाला जागा हवी होती. तो स्वतः चालत बाईंच्या घरी आला, मल्लव्वासमोर खुर्चीवर न बसता ओट्यावर बसला.

"काकू, चौदा लाख देतो. समाधी हलवायची नाही. भोवती चार फूट सोडतो, कंपाउंड घालून देतो, फरशी बसवतो. तुम्ही कधीही या, दिवा लावा."

मल्लव्वा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "बाई, द्यावं म्हनते. ते काय बोलनार न्हाईत. त्यांनी घरासाटीच घेतली हुती की जागा." चौदा लाखांत तेव्हा अक्कलकोट रोडला तळमजल्यावरचा जुना, एका खोलीचा फ्लॅट येत होता. बाईंनी तो पाहूनही ठेवला. मागं बोळ होता, भिंतीपलीकडे कुणी झोपत नव्हतं. मल्लव्वानं ओटा हातानं मोजून पाहिला आणि काटवट बसते म्हणाली.

मग दोघी कागद काढायला कचेरीत गेल्या. कारकून बरा होता, चिडका नव्हता.

"उताऱ्यावर मालक गुरुशांत आहेत. त्यांना घेऊन या सहीला."

"ते नव्वदलाच वारले," बाई म्हणाल्या.

"मग मृत्यूचा दाखला जोडा."

"त्यो न्हाय," मल्लव्वा म्हणाली.

"नाही तर काढून घ्या. दहन कुठं केलं?"

"आमच्यात जाळत न्हाईत. मातीत."

"तेच ते. कुठल्या स्मशानभूमीत? तिथल्या पावतीवरून नोंद सापडते."

"आमच्याच जागेत बसवलं."

"बरं, मग त्याची पावती?"

मल्लव्वाचा आवाज बाईंनी दहा वर्षांत पहिल्यांदा चढलेला ऐकला. "सायेब, आपल्या जागेत आपलाच नवरा पुरला, त्याची पावती कोन फाडतं हो?"

आसपासची चार टेबलं हसली. कारकूनही हसला, मग पेन खाली ठेवून म्हणाला, "मावशी, नोंद नाही म्हणजे कागदावर मालक जिवंत आहेत."

"असं व्हय? मग तीस वर्सांचं भाडं त्यांच्याकडनं घ्या म्हनावं."

पुन्हा हशा झाला. मल्लव्वा हसत नव्हती.

मार्ग होता. कारकुनानं नीट समजावून सांगितला. उशिरा नोंद करता येते, पण प्रतिज्ञापत्र लागतं: रक्ताच्या नात्यातल्या एखाद्यानं, ज्यानं मयत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यानं सही करायची. बायको रक्ताची धरत नाहीत. रक्ताच्या नात्यातलं कोण हयात आहे? मुलगी तेव्हा तीन वर्षांची. उरला बसलिंगप्पा. त्यानं टेंपोत वाकून तोंड पाहिलं होतं.

सिद्धेश्वरीनं कुठून कुठून बसलिंगप्पाच्या नातवाचा, शिवराजचा, नंबर मिळवला. बाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून खोकत खोकत म्हाताऱ्याचा आवाज आला. पंच्याहत्तरी ओलांडलेली, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला लागलेला.

"या. सही करतो. अंगठा म्हनलं तर अंगठा देतो. पर तिनं यायला पायजे. मला तिच्यासंगं बोलायचं हाय. माज्यानं येनं हुत न्हाय."

फोन ठेवल्यावर मल्लव्वा म्हणाली, "त्या गावात मी एकटी पाय ठेवनार न्हाय. बाई, तुमी चला. तुमाला सायबाशी बोलता येतं, कागद वाचता येतो. तुमी असला तर जाते."

"चल की," बाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी जाऊ."

त्या गुरुवारी बाईंच्या भाचीचं केळवण निघालं. पुढच्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला. मग करोना आला आणि दोन वर्षं कुणीच कुठं गेलं नाही. अभिमन्यूनं सहा महिने वाट पाहिली, फोन करून माफी मागितली आणि गोदाम दुसरीकडे घेतलं. त्याला बोल कसा लावणार? करोना सरला तेव्हा त्या फ्लॅटचे बावीस लाख झाले होते आणि गुंठ्याचेही तितकेच. मल्लव्वाला दोन्ही सारखेच लांब. गुंठा वाढला काय नि घटला काय, तो विकायला सहीला मालक हवा आणि मालक मधोमध मांडी घालून बसलेला.

दसऱ्याला आणि संक्रांतीला शिवराजचा फोन यायचा. "आजा इचारतोय, कदी येताव?" बाई म्हणायच्या, येतो रे, पुढच्या गुरुवारी. असे किती गुरुवार गेले ते बाईंनी मोजले नाहीत. मल्लव्वानंही मोजले नसावेत, किंवा मोजून बोलली नसावी.

मागच्या वर्षी बाईंचा मुलगा पृथ्वीराज पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, हे घर पाडू. तीन मजले काढू, वर नर्सिंगच्या मुली ठेवू. एका खोलीला आठ हजार सहज येतात." बाई हो म्हणाल्या. त्यांनाही म्हातारपणी लिफ्ट हवी होती. मल्लव्वाला सांगायचं काम त्यांच्याकडे आलं.

"मल्लव्वा, घर पाडायचं ठरलंय गं."

"व्हय बाई. किती दिस हायेत?"

"मार्चपर्यंत राहा."

"बरं." मग म्हणाली, "पाडवा तरी चुकला की या साली."

ती चिडून म्हणाली की चेष्टेनं, हे बाईंना अजून उलगडलेलं नाही.

मग ती खोली शोधायला हिंडली. सोबत दानेश्वरी, अकरावीतली नात, हातात मोबाईल. शेळगीकडे एक तरुण मालक भेटला. त्यानं विचारलं, काम काय करता? दानेश्वरी हौसेनं म्हणाली, आजी कडक भाकरी करते, ऑनलाईन ऑर्डरपण घेतो. तो म्हणाला, "म्हणजे किचनचा कमर्शिअल वापर. डिपॉझिट डबल लागेल." बाहेर आल्यावर मल्लव्वानं नातीला विचारलं, कमर्शिअल म्हंजे काय गं? नात म्हणाली, आजी, म्हंजे पोटासाठी.

साडेसहा हजार भाडं ठरलं. तिसऱ्या मजल्यावर. मल्लव्वानं जिन्यातच हिशेब केला: साडेसहाशे भाकऱ्या. अकरा दिवस मालकाचे.

"बाई, एक इचारू?" ती येऊन म्हणाली. "समादीच्या बाजूला चार पत्रं उबं करते. पाया नगं, काय नगं. निसतं लाईटचं मीटर आन नळ मिळंल का?"

बाईंनी चौकशी केली. अर्जावर जागामालकाची सही हवी होती.

"म्हंजे पुन्यांदा गुरुशांतच," मल्लव्वा म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. नवऱ्याचं नाव तिनं तोंडानं घेतलेलं बाईंनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशी बाईंनी स्वतः टाईप करून प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार केला, ओळखीच्या वकिलाकडून तपासून घेतला. अक्कलकोटला, गावाजवळच्या तालुक्याच्या ठिकाणी, कुणापुढं जायचं, म्हाताऱ्याला उचलून गाडीत घालायला शिवराज येईल का, सगळं फोनवर ठरवलं. तारीख ठरली. या वर्षीच्या जानेवारीतली नऊ तारीख, गुरुवार.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, मल्लव्वा, कारण पुढचं तिसऱ्याच्या नावावर खपवणं बरं नाही.

त्या गुरुवारी सकाळची साडेसातची गाडी धरायची होती. तू साडेसहालाच माझ्या दारात उभी होतीस. धुतलेलं लुगडं, कपाळाला विभूती, पिशवीत दिराच्या घरी द्यायला पन्नास भाकऱ्यांचा गठ्ठा. एवढ्या भाकऱ्या म्हणजे जवळपास सबंध दिवसाची कमाई. पस्तीस वर्षांनी त्या गावाला निघाली होतीस. मी अजून स्वयंपाकघरात चहा पीत होते. तुला म्हणाले, गड्ड्याची यात्रा तोंडावर आली, गाड्यांना मरणाची गर्दी असेल, माझा गुडघा दुखतोय, संक्रांत होऊन जाऊ दे, पुढच्या गुरुवारी नक्की. गुडघा दुखत होता हे खोटं नाही. पण दारापासून स्टँडपर्यंत रिक्षा जाते आणि गाडीत बसायला जागा मिळते, हेही मला माहीत होतं. तुझ्या कामाची मला घाई नव्हती, एवढंच खरं कारण आहे. ते मी सहा वर्षांत कधी बोलले नाही.

रविवारी शिवराजचा फोन आला. म्हातारा पहाटे गेला होता. त्याच्याच रानात, अप्पाशेजारी बसवणार होते. शिवराज म्हणाला, आज्यानं शुक्रवारी विचारलं, आली का रे ती? नाही म्हटल्यावर कूस बदलली.

तुला निरोप मी दिला. तू हात पुसलेस आणि विचारलंस, आता सही कोन करनार? मी म्हणाले, बघू, वकिलाला विचारते. वकील म्हणतो, रक्ताचं कुणी नाही तर कोर्टात जावं लागेल, वेळ लागेल, खर्च होईल, खात्री नाही. हे तुला मी आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

नऊ तारखेला मी पुढच्या गुरुवारचं म्हटलं. तू पिशवी खाली ठेवलीस, दारातच चपला काढल्यास आणि मला पुन्हा चहा टाकू का विचारलंस. मी हो म्हणाले. साडेसातची गाडी गेली. अक्कलकोटला आपण गेलो नाही.